वैद्य येईपर्यंतची घटका

आमच्या सीमाभागातील एखाद्या खेड्यापासून तालुक्याचा दवाखाना किती दूर आहे, असे कोणी विचारले तर त्याला दोन उत्तरे द्यावी लागतात. उन्हाळ्यातले उत्तर वेगळे आणि श्रावणातले वेगळे. औराद, भालकी, बसवकल्याण किंवा आळंद तालुक्यांतील काळ्या रानात एकदा पाऊस मुरला, की गावापर्यंत आलेली मोटार शिवारात जाऊ शकत नाही. बैलगाडीचेही निम्मे चाक चिखलात जाते. मांजरेला पाणी आले तर पलीकडच्या गावाला वळसा घालून जावे लागते. नकाशावर जे अंतर बारा किलोमीटरांचे दिसते, ते रात्री दोन वाजता दीड-दोन तासांचे होऊन बसते. या दीड-दोन तासांत रुग्णाजवळ जो असतो तो डॉक्टर नसतो. तो असतो भाऊ, जाऊ, शेजारचा गडी, नाहीतर आमच्या शाळेत सातवीच्या वर्गात बसणारा मुलगा. प्रस्तुत लेख त्या जवळच्या माणसाविषयी आहे.

पाश्चात्त्य देशांत या गोष्टीचे एक स्वतंत्र शास्त्रच निर्माण झाले आहे. तेथे बर्फाच्या उतारावरून पायांना लाकडी वा धातूच्या पट्ट्या बांधून घसरत जाण्याचा खेळ लोकप्रिय आहे. वर्दळीच्या उतारांवर मदतनीस असतात. पण काही साहसी मंडळी रस्ता, तार व माणूस यांच्या पलीकडे निर्जन डोंगरात शिरतात. अशा लोकांसाठी रानावनातील प्रथमोपचाराचे वर्ग चालतात. साधा वर्ग दोन दिवसांचा, सुमारे सोळा तासांचा असतो. मार्गदर्शक होऊ इच्छिणाऱ्याला सत्तर-ऐंशी तास शिकावे लागते. शहरातील प्रथमोपचार रुग्णवाहिका येईपर्यंतच्या काही मिनिटांचा विचार करतो. वैद्यकीय मदत तासाभराहून दूर असेल तर काय करावे, हा या वर्गांचा प्रश्न असतो.

या शिक्षणाच्या मुळाशी एक कठोर हिशेब आहे. हिमकड्याखाली गाडला गेलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढला, तर दहांपैकी सुमारे नऊ जण वाचतात. अर्धा तास उलटल्यावर तिघांत एखादाच वाचतो. पायथ्याच्या गावातून मदत निघून वर पोचेपर्यंत हा वेळ केव्हाच संपलेला असतो. म्हणून अशा वाटेला जाणारा प्रत्येक जण अंगावर संकेत देणारे यंत्र, एक लांब सळई आणि फावडे बाळगतो, आणि ही साधने स्वतःसाठी नसून सोबत्यासाठी आहेत हे त्याला पक्के शिकविलेले असते. आपल्या देशातही हे संकट नवे नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये काश्मीरातील गुलमर्गच्या अफरवत शिखरावर हिमकडा कोसळून दोन पोलिश पाहुणे मृत्यू पावले. त्याआधी ऑक्टोबर २०२२ मध्ये उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेचे प्रशिक्षणार्थी द्रौपदी का दांडा या शिखरावर हिमकड्यात सापडले आणि पंचवीसहून अधिक जीव गेले.

आमच्या शिवारात बर्फ नाही. मग हे सांगण्याचे प्रयोजन काय, असे वाचक विचारतील. प्रयोजन असे, की हिशेब तोच आहे. आपल्या पूर्वजांनी काळ मोजायला घटिकापात्र वापरले. पाण्यावर तरंगणारे, बुडाला बारीक छिद्र असलेले ते भांडे भरून बुडाले की एक घटका झाली, म्हणजे चोवीस मिनिटे. ‘घटका भरली’ हा मरणवाचक प्रयोग आपल्या भाषेत त्यावरूनच आला असावा. बुडालेला, विजेचा आघात झालेला किंवा श्वास थांबलेला माणूस आपल्याला एक पूर्ण घटकादेखील देत नाही. बिदरचे मोठे रुग्णालय असो, कलबुर्गीचे असो, की उदगीर-सोलापूरचे असो, ती घटका बांधावरच्या माणसाच्या हाती असते.

सर्वप्रथम सर्पदंशाविषयी लिहितो, कारण आमच्या भागात पावसाळ्यातील सर्वांत मोठे भय तेच आहे. मुगा-उडदाची तोडणी, सोयाबीनची काढणी, रात्रीच्या पाळीने वीज आली म्हणजे अंधारात पाणी फिरविणे, हे सारे सापाच्या वावरण्याच्या दिवसांतच येते. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे दगावली, म्हणजे वर्षाला सरासरी अठ्ठावन्न हजार, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात मांडला आहे. यांतील बहुसंख्य खेड्यांतली, आणि निम्मी जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतली. कर्नाटक शासनाने २०२४ च्या फेब्रुवारीत सर्पदंशाची नोंद करणे रुग्णालयांस बंधनकारक केले आणि त्याच वर्षी मार्चमध्ये केंद्र शासनाने हे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याची योजना जाहीर केली. ही पावले योग्यच आहेत. तथापि नोंद होते ती रुग्णालयात पोचलेल्याची.

नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे आपल्याकडील चार प्रमुख विषारी साप. कन्नड शेजारी घोणशीला कोळकुमंडल म्हणतात. दोन्ही नावे मुलांना ठाऊक असलेली बरी. घोणस आणि फुरसे यांच्या विषाने रक्त गोठण्याची शक्ती जाते व दंशाची जागा सुजते. नाग आणि मण्यार यांचे विष मज्जातंतूंवर जाते. पापण्या जड होतात, बोलणे अडखळते, घोट गिळवत नाही आणि शेवटी छातीचे स्नायू थकून श्वास थांबतो. चारही विषांवर एकच प्रतिविष चालते. ते शिरेतून द्यावे लागते आणि त्याचीच उलट प्रतिक्रिया येण्याचा संभव असतो, म्हणून ते रुग्णालयातच द्यायचे. घरी किंवा शेतात करण्यासारखे त्यामुळे थोडेच उरते, पण त्या थोड्यावर बरेच अवलंबून असते.

दंश झालेल्याला धीर द्यावा, चालू देऊ नये. बोटातील अंगठ्या, हातातील बांगड्या, पायातील जोडवी-तोरड्या सूज येण्याआधी काढाव्यात. दंश झालेला हात वा पाय मोडलेल्या हाडाप्रमाणे फळकुट लावून हलणार नाही असा ठेवावा. आमच्या तुरीच्या मुलखात त्यासाठी साधन शोधायला जावे लागत नाही. पाच-सहा जाड तुराट्या आणि डोक्याचा पटका पुरे होतो. या पटक्याविषयी एक गंमतीची गोष्ट सांगण्याजोगी आहे. एकोणिसाव्या शतकात जर्मनीतील शल्यचिकित्सक फ्रीडरिख एस्मार्क यांनी सैनिकांसाठी त्रिकोणी पट्टीचा प्रसार केला, आणि १८८२ मध्ये कील शहरात सामान्य नागरिकांना प्रथमोपचार शिकविण्यास आरंभ केला. झोळी, बंध, गादी असे अनेक उपयोग असलेली ही पट्टी जगभर गाजली. आमचा शेतकरी ती पिढ्यानपिढ्या डोक्याला गुंडाळून हिंडतो आहे. तिचे उपयोग मात्र त्याला कोणी शिकविले नाहीत.

आता न करण्याच्या गोष्टी. दंशाच्या वर दोरी आवळून बांधू नये. रक्त अडून हात-पाय सडतो आणि विष तर थांबतच नाही. अशी दोरी आधीच घट्ट बांधली असेल तर ती वाटेत सोडू नये, डॉक्टरांसमोरच सोडवावी. जखम कापू नये, चोखू नये, तिच्यावर बर्फ किंवा पाला-मुळी लावू नये. साप मारून बरोबर नेण्याची धडपड करू नये. तीत वेळ जातो आणि क्वचित दुसराही माणूस दंश करून घेतो.

मंत्र घालणाऱ्यांचा विषय निघाला की सुशिक्षित मंडळी लगेच उपहासावर येतात. आम्हांस तो मार्ग उपयोगाचा वाटत नाही. मांत्रिकाला यश येते हे खेड्यातला माणूस डोळ्यांनी पाहतो, आणि ते खरेही असते. कारण पुष्कळसे साप बिनविषारी असतात आणि विषारी सापही प्रत्येक वेळी विष सोडतोच असे नाही. असे रुग्ण मंत्राने बरे होतात आणि मंत्रावाचूनही बरे होतात. पण विष भिनलेला रुग्ण कोणता, हे मांत्रिकाला ठरविता येत नाही. आम्ही गावकऱ्यांना एवढेच सांगतो, की मंत्र म्हणणाऱ्या आजोबांना मानाने गाडीत बसवून घ्या. मंत्र गाडीतही म्हणता येतो. या तोडग्याने गावात वाद होत नाही आणि वेळही जात नाही.

मण्यारीविषयी मात्र स्वतंत्र सांगितले पाहिजे. ही रात्री घरात शिरते आणि जमिनीवर निजलेल्यांना चावते. दंश इतका सूक्ष्म की खूणही दिसत नाही, वेदनाही होत नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या परिसरातील एका वस्तीवर असेच घडले. खळ्यावर निजलेला एक तरुण मजूर पहाटे पोटात कळा येतात म्हणून उठला. घरच्यांनी ओवा दिला. थोड्या वेळाने त्याच्या पापण्या मिटू लागल्या, तेव्हा रात्रभराचे जागरण झाले आहे, निजू द्या, असे ठरले. सूर्य वर आल्यावर हाक मारली तर उत्तर नाही. त्याला जीपमध्ये घातले तेव्हा तो गेला अशीच सर्वांची समजूत होती, आणि म्हणून जीपही सावकाश चालली. तो खरोखर त्या वेळी गेला होता की नाही, हे आता कोणी सांगू शकणार नाही. आम्हांला बोचते ते हेच. मण्यारीच्या विषाने सारे स्नायू लुळे पडलेला माणूस डोळे उघडू शकत नाही, बोटही हलवू शकत नाही, बाहुल्याही विस्फारतात, पण त्याला ऐकू येत असू शकते, आणि हृदय चालू असते. कोणीतरी तोंडाने त्याला श्वास देत राहिले, तर रुग्णालयातील यंत्रावर तो काही दिवस राहून पुन्हा चालत घरी येऊ शकतो. म्हणून पावसाळ्यात पहाटेची अकारण पोटदुखी आणि जड पापण्या ही जोडी दिसली की दंशाची खूण शोधत बसू नये. बाजेवर निजावे, मच्छरदाणी अंथरुणाखाली नीट खोचावी. याहून स्वस्त उपाय नाही.

विंचवाच्या बाबतीत आपल्याच माणसाने जगाला दिलेले ज्ञान येथे नमूद केले पाहिजे. जालना जिल्ह्यातील देहेड गावी जन्मलेले डॉ. हिंमतराव बावस्कर १९७० च्या दशकात रायगड जिल्ह्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. लाल विंचवाच्या दंशाने धडधाकट मुले फुप्फुसांत पाणी भरून दगावताना त्यांनी पाहिली. प्राझोसिन हे रक्तदाबावरील साधे औषध त्यावर गुणकारी ठरते, हे त्यांनी दाखवून दिले आणि १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’ या विख्यात वैद्यकीय नियतकालिकात ते प्रसिद्ध झाले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. घरच्यांनी लक्षात ठेवायचे ते एवढेच, की विंचू चावलेल्या मुलाला दरदरून घाम सुटला, उलट्या होऊ लागल्या, हातपाय गार पडले, तर ‘उतरेल’ म्हणून वाट पाहू नये. वेदना कमी होऊनही अशी लक्षणे राहिली तर धोका अधिक असतो.

श्वास देण्याची गोष्ट वर आली. आमच्या विद्यार्थिदशेत बालवीर पथकाच्या पुस्तकात बुडालेल्याला पालथे घालून पाठ दाबण्याची, हात उचलण्याची होल्गर नील्सन यांची रीत असे. ती आम्ही तोंडपाठ केली होती. पुढे ती मागे पडली. १९५० च्या दशकात पीटर साफर यांनी तोंडाने दिलेला श्वास अधिक परिणामकारक असल्याचे सिद्ध केले, आणि १९६० मध्ये अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स येथील कौवेनहोवेन, ज्यूड व निकरबॉकर यांनी छाती दाबून रक्ताभिसरण चालू ठेवण्याची रीत प्रसिद्ध केली. माणूस हाकेला ओ देत नाही, नीट श्वास घेत नाही, एवढे दिसले की त्याला कठीण जमिनीवर उताणे निजवावे, छातीच्या मधोमध तळहाताची टाच ठेवून मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल दाबावे, आणि दर तीस दाबांनंतर दोन श्वास द्यावेत. बुडालेल्याच्या बाबतीत आरंभ श्वासापासून करावा. त्याला उलटे टांगणे, पोट दाबून पाणी काढणे, गरगर फिरविणे या सर्व प्रकारांत तीच घटका वाया जाते. पाणी पोटातले निघते. गरज फुप्फुसाला हवेची असते.

विजेचा आघात झालेल्याच्या अंगात वीज राहत नाही. त्याला ताबडतोब हात लावता येतो. हे न ठाऊक असल्यामुळे लोक भोवती उभे राहतात. काही भागांत अशा माणसाला शेणात पुरून ठेवतात. त्यात श्वास असेल तर तोही जातो. एकाच झाडाखाली चौघे कोसळले असतील तर विव्हळणाऱ्याकडे आधी धावू नये. जो विव्हळतो तो श्वास घेतो. जो निपचित पडला आहे त्याच्याकडे प्रथम जावे. विजेने थांबलेले हृदय पुष्कळदा आपण होऊन चालू होते, श्वास मात्र मागे राहतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने ‘दामिनी’ नावाची सोय मोबाइलवर दिली आहे. मृगाच्या तोंडाला शेतात जाणाऱ्याने ती पाहण्याची सवय करावी.

उन्हाविषयी फार लिहीत नाही. कलबुर्गीच्या वैशाखाची ओळख कोणाला करून द्यावी लागत नाही. ऊन लागून माणूस बरळू लागला किंवा बेशुद्ध झाला, तर आधी गार करावे आणि मग हलवावे. सावली, अंगावर विहिरीचे पाणी, आणि वारा. बेशुद्धाच्या तोंडात पाणी घालू नये. कांदा खिशात ठेवायला हरकत नाही, पण त्याच्या भरवशावर राहू नये.

पेवाची गोष्ट नव्या पिढीला माहीत असेलच असे नाही. ज्वारी साठविण्यासाठी जमिनीत खोदलेले हे पेव, ज्याला कन्नडात हगेवु म्हणतात, आता पुष्कळ ठिकाणी बुजले आहे. बंद पेवातले धान्य श्वास घेत असते, आणि त्यात जड, विषारी वायू साचतो. जुनी माणसे पेव उघडून बराच वेळ तसेच ठेवीत आणि मगच उतरत. ते ज्ञान पेवाबरोबर बुजले, आणि संकट मात्र विहिरीत व शौचकूपात शिल्लक राहिले. एक जण आत कोसळतो, त्याला काढायला भाऊ उतरतो, भावाला काढायला मेव्हणा. एका घरातील तीन प्रेते अशी निघतात. कंदील सोडून पाहण्याची रीत अपुरी आहे. कंदील विझला तर धोका निश्चित. पण तो जळत राहिला म्हणून धोका नाही असे नव्हे, कारण विहिरीत उतरविलेल्या डिझेल इंजिनाचा विषारी धूर कंदील विझवीत नाही. वर राहून दोर सोडावा, अग्निशामक दलाला कळवावे, आणि प्राणवायूचे नळकांडे असलेल्या माणसावाचून कोणालाही उतरू देऊ नये. सर्वांत कठीण प्रथमोपचार हाच आहे, कारण येथे भावाला धरून ठेवावे लागते.

हे सारे छापून वाटल्याने येत नाही, असे आमचे निरीक्षण आहे. भाषा विषयाचे आम्ही शिक्षक. शब्दांची थोरवी आम्हांला कोणी सांगायला नको. पण हाताने केल्यावाचून हे हाती बसत नाही. म्हणून जूनमध्ये शाळा भरली की पहिल्या दोन शनिवारी आम्ही वरच्या वर्गांना घेऊन बसतो. आरोग्य केंद्रातील डॉक्टर आणि गावातील आशा कार्यकर्ती येतात. पोत्यात चिंध्या भरून बाहुला केला आहे, छातीच्या जागी ट्रॅक्टरच्या ट्यूबचा तुकडा आहे. दोन मिनिटांत मुले दमतात. मग दुसऱ्याने कसे हाती घ्यायचे ते शिकवितो. घोंगडी आणि दोन वेळू यांची झोळी करून एका मुलाला बांधाबांधाने डांबरी रस्त्यापर्यंत नेण्याचा सराव होतो. एक किलोमीटरला सहा जणांना पंचवीस मिनिटे लागली, तेव्हा घटका म्हणजे काय हे त्यांना आमच्या व्याख्यानापेक्षा अधिक कळले.

गेल्या खेपेस एका मुलीने विचारले, “गुरुजी, मी दाबत राहिले आणि तो उठला नाही, तर लोक मला बोलतील का?” वर्ग गप्प झाला. आम्ही तिला खरे ते सांगितले: छाती दाबूनही पुष्कळ जण उठत नाहीत, आणि दाबले नाही तर कोणीच उठत नाही. रस्त्यावरील अपघातात मदत करणाऱ्याला पोलीस व न्यायालय यांचा जाच होऊ नये, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये नियमांना बंधनकारक रूप दिले आहे, हेही सांगितले. पण तिचा प्रश्न पोलिसांविषयी नव्हता, चावडीवरील तोंडांविषयी होता. त्यावर कायदा नाही. तेव्हा पुढच्या शनिवारी पालकांनाही बोलावले, आणि त्या मुलीला तिच्या आजीसमोर बाहुल्यावर दाबायला लावले.

एक अडचण केवळ आपल्यासारख्या घरांची आहे, म्हणून ती या मासिकात मांडणे अगत्याचे वाटते. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका कर्नाटकात २००८ पासून धावते. दूरध्वनी घेणारा कन्नडात बोलतो. घरात मराठी, शाळेत मराठी, आणि घाबरलेल्या क्षणी तर मातृभाषेखेरीज दुसरे काही सुचत नाही. आमच्याकडील मुले बाजारापुरते कन्नड उत्तम बोलतात. पण “हावु कच्चिदे”, “उसिराट इल्ल”, “बेग बन्नि” ही वाक्ये बाजारात लागत नाहीत. साप चावला आहे, श्वास नाही, लवकर या. ही तीन वाक्ये, त्यापाठोपाठ गावाचे नाव, तालुक्याचे नाव आणि जवळची खूण, एवढे सारे प्रत्येक मुलाकडून आम्ही मोठ्याने म्हणवून घेतो. अन्य प्रांतांत राहणाऱ्या वाचकांनी आपापल्या प्रांताच्या भाषेत ती लिहून घरातील दारामागे लावावीत. आपल्या भागातील कोणत्या रुग्णालयात प्रतिविष असते, हेही पावसाळ्यापूर्वी विचारून ठेवावे. पाहुणे कोणत्या गावी आहेत यावरून दवाखाना निवडण्याची आपली रीत त्या रात्री उपयोगी पडत नाही.

शाळेच्या व्हरांड्यातील भिंतीवर मुलांनी गावशिवाराचा नकाशा काढला आहे. विहिरी निळ्या, वस्त्या पिवळ्या, आणि पावसाळ्यात मोटार जेथपर्यंत येऊ शकते ती ठिकाणे तांबड्या रंगात. ओढ्यावरची फरशी दर वर्षी थोडी वाहून जाते, म्हणून जूनमध्ये मुले स्वतः चालून ती ठिकाणे पुन्हा तपासतात. गेल्या वर्षी तांबडे ठिपके सहा होते. यंदा चार आहेत.